जर्मनीला सावरणारा बँकर आणि नऊ कोटी डॉलरचा प्रश्न

एखाद्या पतसंस्थेच्या किंवा नागरी बँकेच्या बंद शटरसमोर सकाळपासून ताटकळणारे ठेवीदार आपल्या वाचकांना अपरिचित नाहीत. हातात पासबुक, मनात मुलीच्या लग्नासाठी किंवा निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी ठेवलेल्या पैशांची काळजी आणि ओठांवर एकच प्रश्न असतो : संस्था वाचवायला कोणी येणार आहे का? त्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न दबलेला असतो. कोणी आलेच, तर ते ठेवीदारांसाठी येईल की संचालकांसाठी? विसाव्या शतकात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याच्या आयुष्यात एकत्र आली, असा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. चार्ल्स गेट्स डॉझ हे त्याचे नाव.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव डॉझ योजना या दोन शब्दांपुरते येते. पहिल्या महायुद्धानंतर कोलमडलेल्या जर्मनीला सावरणारी १९२४ ची योजना, एवढे उत्तर लिहिले की विद्यार्थ्याची सुटका होते. परंतु त्या योजनेमागचा माणूस त्याच वर्षी अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचा उमेदवार होता. पुढे त्याला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, आणि आठ वर्षांनी त्याच्या स्वतःच्याच बँकेला सरकारी तिजोरीतून नऊ कोटी डॉलरचे साहाय्य घ्यावे लागले, हे फारसे सांगितले जात नाही. दुसऱ्यांची दिवाळखोरी निस्तरणाऱ्या माणसाच्या दारात दिवाळखोरी आली तेव्हा काय झाले, हा या चरित्राचा खरा गाभा आहे.

ओहायो ते नेब्रास्का

डॉझ यांचा जन्म २७ ऑगस्ट १८६५ रोजी ओहायो राज्यातील मॅरिएटा या गावी झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून अवघे काही महिने झाले होते. वडील रूफस डॉझ हे त्या युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले अधिकारी, गेटिसबर्गच्या रणांगणावरून परतलेले. घराण्याचा वारसा त्याहूनही जुना होता. १७७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौज निघाल्याची खबर देण्यासाठी पॉल रिव्हियरप्रमाणेच ज्याने रात्री घोडा दौडवला, तो विल्यम डॉझ हा चार्ल्स यांचा खापरपणजोबा. अशा घरात देशकार्याची भाषा लहानपणापासून कानावर पडते. मात्र चार्ल्स यांचा कल तलवारीपेक्षा हिशेबाच्या वहीकडे अधिक होता.

मॅरिएटा कॉलेजातून पदवी आणि सिनसिनाटीतून कायद्याचे शिक्षण घेऊन १८८७ मध्ये ते नेब्रास्कातील लिंकन या वाढत्या शहरात वकिलीसाठी गेले. रेल्वे कंपन्या शेतमालाच्या वाहतुकीसाठी मनमानी दर आकारत. त्याविरुद्ध त्यांनी खटले चालवले. १८८९ मध्ये कॅरो ब्लायमायर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या लहानशा शहरात त्यांना दोन मित्र मिळाले आणि दोघेही पुढे इतिहासात गेले. एक विल्यम जेनिंग्ज ब्रायन, डेमोक्रॅटिक पक्षाचे तीन वेळचे अध्यक्षपदाचे उमेदवार. दुसरे जॉन पर्शिंग, त्या वेळी तिथल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना लष्करी कवायत शिकवणारे लेफ्टनंट आणि महायुद्धात फ्रान्समधील अमेरिकी सैन्याचे सेनापती.

१८९३ मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक घबराट पसरली. बँका बंद पडल्या, जमिनींचे भाव कोसळले. जमिनींत पैसा गुंतवलेल्या डॉझ यांनाही त्याची झळ बसली. कर्ज म्हणजे काय, पत म्हणजे काय आणि ती एका रात्रीत कशी नाहीशी होते, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे, अनुभवातून शिकले. पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेच्या बँकव्यवस्थेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ठेवीदारांना संरक्षण कसे द्यावे, हा त्यांच्या चिंतनाचा विषय तेव्हापासूनचा आहे, ही गोष्ट पुढची कथा वाचताना ध्यानात ठेवावी.

शिकागोतील सावकारी आणि एक जुना डाग

लिंकन सोडून डॉझ शिकागोच्या परिसरात आले. गॅस पुरवणाऱ्या कंपन्या विकत घेऊन त्यांनी त्या भरभराटीला आणल्या. १८९६ च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार विल्यम मॅकिन्ली यांच्यासाठी त्यांनी इलिनॉय राज्याची मोहीम सांभाळली. समोरचा उमेदवार होता त्यांचा जुना मित्र ब्रायन. चांदीचे चलन खुले करून कर्जबाजारी शेतकऱ्याचा भार हलका करावा, हे ब्रायन यांचे म्हणणे. सोन्याशी बांधलेले चलन टिकले तरच पत टिकते, हे डॉझ यांचे. राजकारणात दोघे विरुद्ध टोकांना उभे राहिले, पण मैत्री तुटली नाही.

मॅकिन्ली विजयी झाले आणि १८९८ मध्ये डॉझ यांची राष्ट्रीय बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रकपदी नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ होते. १९०१ मध्ये सिनेटची जागा लढवण्यासाठी त्यांनी पद सोडले. पण त्याच वर्षी मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि डॉझ यांचा राजकीय आधार गेला. राजकारण बाजूला ठेवून १९०२ मध्ये त्यांनी शिकागोत सेंट्रल ट्रस्ट कंपनी ऑफ इलिनॉय ही बँक काढली.

या बँकेच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की विरोधकांनी ते त्यांना कधी विसरू दिले नाही. १९१२ मध्ये विल्यम लॉरिमर या राजकारण्याच्या बँकेला राज्याचा परवाना हवा होता आणि त्यासाठी तिजोरीत ठरावीक रोख रक्कम असल्याचे दाखवणे भाग होते. डॉझ यांच्या बँकेने ती रोकड तपासणीपुरती उपलब्ध करून दिली आणि काम होताच ती परत आली. दोन वर्षांनी लॉरिमर यांची बँक बुडाली. लहान ठेवीदारांचे पैसे अडकले. प्रकरण न्यायालयात गेले आणि डॉझ यांच्या बँकेवरही दायित्व आले. डॉझ यांनी यातून स्वतःचा फायदा करून घेतल्याचे दिसत नाही. परिचिताला केलेली व्यवहारातली मदत, एवढाच त्यांचा दृष्टिकोन असावा. पण ज्याने ठेवीदारांच्या रक्षणावर ग्रंथ लिहिला, त्याच्या हातून ठेवीदारांना फसवी खात्री देण्यास हातभार लागला, हे सत्य राहतेच.

१९१२ हे वर्ष त्यांच्यासाठी आणखी एका कारणाने काळे ठरले. त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा रूफस विस्कॉन्सिनमधील जिनेव्हा सरोवरात बुडून मरण पावला. डॉझ यांनी या दुःखाचा गाजावाजा केला नाही. मुलाच्या नावाने त्यांनी शिकागोत एक वसतिगृह उभारले. खिशात चार पैसेही नसलेल्या बेकार माणसाला अगदी नाममात्र दरात स्वच्छ पलंग आणि जेवण मिळावे, अशी ती सोय होती. पुढे आईच्या नावाने स्त्रियांसाठीही त्यांनी तशी व्यवस्था केली. उलट्या धाटणीचा पाईप ओढणाऱ्या, तोंडाने फटकळ असलेल्या या बँकरच्या स्वभावाची ही दुसरी बाजू. तिसरी बाजू संगीताची. बासरी आणि पियानोची त्यांना मनापासून आवड होती. १९११ मध्ये त्यांनी रचलेली एक सुरावट फ्रिट्झ क्राइस्लर या जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकाने मैफलीत वाजवली.

युद्धाचा हिशेब आणि दोन झाडू

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा डॉझ ५१ वर्षांचे होते. तरीही ते अभियंत्यांच्या तुकडीतून फ्रान्सला गेले. जुने मित्र पर्शिंग यांनी त्यांना सैन्याच्या खरेदीचे प्रमुख केले. तोवर प्रत्येक खाते स्वतंत्रपणे खरेदी करी आणि एकमेकांवर चढाओढ करून भाव वाढवी. डॉझ यांनी ती सारी खरेदी एका सूत्रात आणली. अटलांटिक ओलांडून जहाजांनी आणण्याऐवजी शक्य तेवढा माल त्यांनी युरोपातच मिळवला. या काळात फ्रेंच आणि इंग्रज अधिकाऱ्यांशी रोज व्यवहार करताना त्यांना एक गोष्ट उमगली. मित्रराष्ट्रांत एकमत घडवायचे असेल तर तत्त्वाची चर्चा टाळून गरजेची चर्चा करावी.

१९२१ च्या प्रारंभी युद्धखर्चाची चौकशी करणाऱ्या काँग्रेसच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. माणसे मरत असताना घोड्यांसाठी किती जादा पैसे मोजले, अशा धाटणीचे प्रश्न ऐकून त्यांचा संयम सुटला. त्यांनी समितीला जी खरमरीत भाषा ऐकवली, तिच्यातील एक गावरान उद्गार वृत्तपत्रांनी उचलला आणि तो जन्मभर त्यांच्या नावाला चिकटला. लोकांना मात्र हा फटकळ माणूस आवडला.

त्याच वर्षी अध्यक्ष हार्डिंग यांनी नव्याने स्थापन झालेल्या अर्थसंकल्प कार्यालयाचे पहिले संचालकपद त्यांना दिले. एका वर्षापुरतेच काम करीन, अशी अट घालून त्यांनी ते स्वीकारले आणि अट पाळलीही. सरकारी उधळपट्टी समजावून सांगण्यासाठी एका सभेत त्यांनी चक्क झाडू उंचावून दाखवले. लष्कराकडे झाडूंचा साठा पडून होता, पण ते वेगळ्या पद्धतीने बांधलेले म्हणून आरमाराने नाकारले आणि नवे विकत घेतले. आकड्यांचे मोठे तक्ते जे सांगू शकले नसते, ते त्या झाडूंनी सांगितले.

पॅरिसमधील दहा माणसे

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. पराभूत जर्मनीने युद्धाची भरपाई म्हणून १३,२०० कोटी सुवर्ण मार्क द्यावेत, असे १९२१ मध्ये ठरले होते. हप्ते थकले. ११ जानेवारी १९२३ रोजी फ्रेंच आणि बेल्जियन फौजांनी जर्मनीच्या कोळसा-पोलादाचे कोठार असलेल्या रूर प्रदेशाचा ताबा घेतला. जर्मन कामगारांनी असहकार पुकारला, सरकारने त्यांना पोसण्यासाठी नोटा छापल्या आणि चलनाचा पार चुराडा झाला. महायुद्धापूर्वी एका डॉलरला चार-सव्वाचार मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याच डॉलरची किंमत ४ लाख २० हजार कोटी मार्क झाली. आयुष्यभराच्या बचतीत पावाचा एक तुकडा येईना. मध्यमवर्ग उद्ध्वस्त झाला.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हान्स ह्यूज यांनी वर्षभर आधीच एक मार्ग सुचवला होता. हा प्रश्न राजकारण्यांच्या हातून काढून अर्थतज्ज्ञांच्या हाती द्यावा. अखेर फ्रान्सचे पंतप्रधान प्वांकारे यांनी अनिच्छेने संमती दिली. अमेरिका व्हर्सायच्या तहाबाहेर राहिली असल्याने तिचे सरकार अधिकृतपणे यात येऊ शकत नव्हते. म्हणून अमेरिकी सदस्य खासगी नागरिक या नात्याने गेले. १४ जानेवारी १९२४ रोजी पॅरिसमध्ये समितीची पहिली बैठक झाली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि बेल्जियम या पाच देशांचे प्रत्येकी दोन, असे दहा सदस्य आणि अध्यक्षस्थानी डॉझ.

पहिल्याच भाषणात त्यांनी शिष्टाचार बाजूला ठेवला. आपापल्या देशात राष्ट्रवादाच्या नावाने लोकांना भडकवणारे पुढारी आणि त्यांच्या दिशाभुलीला त्यांनी सर्वांसमक्ष दोष दिला. जर्मनीचे एकूण देणे किती, हा स्फोटक प्रश्न समितीने हातातच घेतला नाही. अंदाजपत्रक संतुलित कसे होईल आणि चलन स्थिर कसे राहील, एवढेच तिने स्वतःला विचारले. समितीने बर्लिनला जाऊन मंत्री, उद्योगपती, कामगार नेते आणि राईश्सबँकेचे नवे प्रमुख हॅल्मार शाख्त यांच्याशी बोलणी केली.

प्रत्यक्ष आराखड्यात अमेरिकेचे ओवेन यंग आणि ब्रिटनचे जोसाया स्टँप यांचा वाटा मोठा होता. यंग यांचे श्रेय डॉझ यांनी स्वतः मोकळेपणाने मान्य केले. मग डॉझ यांचे काम कोणते? फ्रेंचांना त्यांच्यावर विश्वास होता, कारण युद्धात ते फ्रान्सच्या भूमीवर खांद्याला खांदा लावून राबले होते. हा माणूस जर्मनधार्जिणा आहे, असे पॅरिसचे कोणतेही वृत्तपत्र म्हणू शकत नव्हते. दहा जणांचा अहवाल एकमताने यावा, यासाठी त्यांनी ती पत पणाला लावली. ९ एप्रिल १९२४ रोजी अहवाल सादर झाला तेव्हा त्यावर कोणाचेही मतभेदाचे टिपण नव्हते.

योजनेची रचना सावकारी व्यवहार जाणणाऱ्या कोणालाही समजेल अशी होती. बुडत्या ऋणकोकडून वसुली करायची तर आधी त्याला उभे करावे लागते. म्हणून जर्मनीला ८० कोटी सुवर्ण मार्कांचे परकीय कर्ज द्यायचे. पहिल्या वर्षी भरपाईचा हप्ता १०० कोटी मार्क आणि तोही बहुतांशी त्या कर्जातून. पुढे वाढत वाढत पाचव्या वर्षी २५० कोटी. रेल्वे, उद्योग आणि बिअर, तंबाखू, साखर यांवरील कर ही तारणे. राईश्सबँक सरकारपासून स्वतंत्र आणि तिच्या चौदा जणांच्या मंडळात निम्मे परदेशी. सर्वांत महत्त्वाची तरतूद पुढची होती. जर्मनी आपला हप्ता मार्कमध्ये भरेल. तो परकीय चलनात बदलून बाहेर पाठवायचा की नाही, हे एक प्रतिनिधी ठरवील आणि मार्कला धोका असेल तर पैसे बाहेर जाणार नाहीत. वसुलीपेक्षा ऋणकोची तब्येत आधी, हे तत्त्व प्रथमच अशा करारात लिहिले गेले.

उमेदवार डॉझ

अहवालाला दोन महिने होतात तोच जूनमध्ये क्लीव्हलंड येथे रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले. अध्यक्षपदासाठी कॅल्विन कूलिज यांचे नाव निश्चितच होते. उपाध्यक्षपदासाठी प्रतिनिधींनी इलिनॉयचे माजी गव्हर्नर फ्रँक लाउडन यांना निवडले. त्यांनी चक्क नकार दिला. मग पक्षाची नजर युरोपातील यशाने गाजत असलेल्या डॉझ यांच्याकडे वळली आणि ते उमेदवार झाले.

येथे परिस्थिती मोठी विलक्षण झाली. योजना कागदावर तयार होती, पण ती मान्य व्हायची होती. १६ जुलैला लंडनमध्ये परिषद सुरू झाली. फ्रान्समध्ये मे महिन्यातील निवडणुकीने प्वांकारे जाऊन एदुआर एरिओ आले होते, ब्रिटनमध्ये रॅम्से मॅकडोनाल्ड पंतप्रधान होते. ह्यूज त्याच सुमारास लंडनला आले, पण वकिलांच्या मेळाव्याचे निमित्त सांगून. सरकार अधिकृतपणे कुठेच नव्हते आणि सर्वत्र होते. डॉझ स्वतः परिषदेत नव्हते. आता ते तज्ज्ञ राहिले नव्हते, एका पक्षाचे उमेदवार होते. १६ ऑगस्टला करार झाला. फ्रेंचांनी वर्षभरात रूर सोडण्याचे मान्य केले. २९ ऑगस्टला जर्मन संसदेत रेल्वेविषयक कायद्याला दोन तृतीयांश मते हवी होती. ज्या राष्ट्रवादी पक्षाने योजनेला गुलामगिरी म्हटले होते, त्याच्या जवळजवळ निम्म्या सदस्यांनी ऐनवेळी बाजूने मत दिले.

इकडे अमेरिकेत कूलिज यांचा धाकटा मुलगा जुलैमध्ये वारला होता आणि शोकमग्न अध्यक्ष फारसे बाहेर पडले नाहीत. प्रचाराची धुरा डॉझ यांनी वाहिली. युरोपातील तोडग्याचे श्रेय पक्षाने घेतले, त्यात नवल नाही. पण डॉझ केवळ त्या पुण्याईवर विसंबले नाहीत. ऑगस्टमध्ये मेन राज्यातील ऑगस्टा येथे त्यांनी कू क्लक्स क्लान या वंशद्वेषी संघटनेवर उघड टीका केली. त्या वर्षी दोन्ही पक्षांतील अनेक बडे नेते क्लानच्या मतांच्या भीतीने गप्प होते. पक्षातील व्यवस्थापकांना डॉझ यांचे ते भाषण रुचले नाही.

ऑक्टोबरमध्ये कर्जाचे रोखे विक्रीस आले. अमेरिकेचा वाटा ११ कोटी डॉलरचा होता. मॉर्गन पेढीने ते बाजारात आणताच मागणी रकमेच्या कितीतरी पट झाली. नोव्हेंबरमध्ये कूलिज-डॉझ जोडी मोठ्या बहुमताने निवडून आली. १९२५ चे नोबेल शांतता पारितोषिक डॉझ यांना ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांच्यासह मिळाले. आपल्या वाट्याची रक्कम त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अध्ययनासाठी देऊन टाकली.

उपाध्यक्षपद आणि उतरण

उपाध्यक्ष म्हणून मात्र ते शोभले नाहीत. शपथविधीच्या दिवशीच त्यांनी सिनेटच्या लांबण लावणाऱ्या नियमांवर सिनेटरांनाच खडे बोल सुनावले. मंत्रिमंडळाच्या बैठकांना बसणार नाही, हे कूलिज यांना आधीच कळवून टाकले होते. आठवडाभरात नियतीने त्यांची फिरकी घेतली. १० मार्च १९२५ रोजी अध्यक्षांनी सुचवलेल्या महाधिवक्त्याच्या नेमणुकीवर ४०-४० अशी समसमान मते पडली. निर्णायक मत उपाध्यक्षांचे. पण त्या दिवशी मतदान होणार नाही असे सांगण्यात आल्याने डॉझ हॉटेलात दुपारची झोप घेत होते. ते धावत पोहोचेपर्यंत एका सिनेटरने मत बदलले आणि नेमणूक फेटाळली गेली. कूलिज यांनी ही गोष्ट विसरली नाही. शेतकऱ्यांना भाव मिळवून देणाऱ्या विधेयकाला डॉझ यांनी पाठिंबा दिल्याने दुरावा वाढला. १९२८ मध्ये अध्यक्षपदासाठी त्यांच्या नावाची चर्चा झाली, पण उमेदवारी हर्बर्ट हूव्हर यांच्याकडे गेली. हूव्हर यांनी १९२९ मध्ये त्यांना राजदूत म्हणून लंडनला पाठवले.

दरम्यान योजनेचे दुसरे रूप उघड होत होते. अमेरिकी खासगी पैसा कर्जरूपाने जर्मनीत जाई, जर्मनी भरपाई म्हणून तो फ्रान्स व ब्रिटनला देई आणि ते युद्धकर्ज म्हणून अमेरिकेला परत करीत. चक्र फिरत राहिले तोवर जर्मनीत पाच वर्षे सुबत्ता दिसली. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळताच कर्ज आटले आणि चक्र थांबले. १९३१ मध्ये जर्मन बँका बुडाल्या. बेकारांच्या रांगांतून जे राजकारण वर आले, त्याचा शेवट जगाला ठाऊक आहे. डॉझ योजनेने हिटलरला आणले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने जर्मनीला पाच वर्षांचा श्वास दिला. पण उसन्या पैशाने उसने देणे फेडायची सवय लागली की मूळ दुखणे बरे होत नाही, फक्त लांबते.

नऊ कोटी डॉलर

१९३२ च्या जानेवारीत मंदीने ग्रासलेल्या बँका, रेल्वे कंपन्या आणि उद्योग यांना कर्ज देण्यासाठी अमेरिकेच्या सरकारने पुनर्बांधणी वित्त महामंडळ स्थापन केले. त्याचे प्रमुखपद हूव्हर यांनी डॉझ यांना दिले. जर्मनीचा वैद्य आता घरच्या रुग्णाकडे आला होता. चार महिने त्यांनी काम केले आणि जूनमध्ये अचानक राजीनामा दिला. कारण शिकागोत होते. त्यांची जुनी बँक आता विलीनीकरणानंतर सेंट्रल रिपब्लिक बँक झाली होती. वीजसम्राट सॅम्युएल इन्सल यांचे साम्राज्य एप्रिलमध्ये कोसळले होते आणि या बँकेची मोठी कर्जे तिथे अडकली होती.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शिकागोच्या बँकांसमोर रांगा लागल्या. डझनावारी लहान बँका बंद पडल्या. डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन त्याच शहरात भरत होते. २६ जूनच्या रविवारी शहरातील बँकर आणि महामंडळाचे संचालक रात्रभर बसले. सोमवारी आपली बँक उघडणार नाही, असे डॉझ यांनी सांगितल्याचे त्या बैठकीचे अनेक वृत्तांत सांगतात. पण ती बंद झाली तर शिकागोतील एकही बँक उभी राहणार नाही, अशी इतरांना धास्ती होती. अधिवेशनासाठी आलेले महामंडळाचे डेमोक्रॅट संचालक जेसी जोन्स यांनी कर्ज देण्याचा आग्रह धरला, हूव्हर यांनी फोनवरून संमती दिली आणि बँकेची जवळजवळ सारी मालमत्ता तारण घेऊन नऊ कोटी डॉलर मंजूर झाले.

महामंडळ सोडून तीन आठवडेही झाले नव्हते. ज्या लहान बँकांना दार बंद करावे लागले, त्यांच्या ठेवीदारांना या हिशेबात न्याय दिसणे अशक्य होते. बातमी फुटताच देशभर संताप उसळला. बेकारांना भाकरी द्यायला पैसे नाहीत आणि माजी उपाध्यक्षाच्या बँकेला नऊ कोटी, हा प्रश्न निवडणुकीत हूव्हर यांच्या गळ्याशी आला. विलक्षण योगायोग असा की नेमक्या त्याच आठवड्यांत स्वित्झर्लंडमधील लोझान येथे युरोपीय राष्ट्रे जर्मनीच्या भरपाईवर कायमचा पडदा टाकत होती. डॉझ यांनी जोडलेले युरोपचे आणि शिकागोचे, दोन्ही हिशेब एकाच वेळी मिटले.

ती बँक शेवटी वाचली नाही. ऑक्टोबरमध्ये नवी बँक काढून ठेवी तिकडे वळवल्या गेल्या आणि जुनी बँक गुंडाळली गेली. ठेवीदारांना पैसे मिळाले. भागधारकांना मात्र महामंडळाने न्यायालयात खेचले. डॉझ कुटुंबाच्या कंपनीलाही आपल्या वाट्याची रक्कम भरावी लागली. मालमत्ता विकत विकत कर्जाचा मोठा भाग पुढे वसूल झाला.

काय उरले?

डॉझ यांनी नंतरची वर्षे इव्हान्स्टनमधील घरात, बँकेच्या कामात आणि रोजनिशांच्या संपादनात घालवली. २३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या जुन्या सुरावटीला कार्ल सिगमन यांनी शब्द दिले आणि १९५८ मध्ये टॉमी एडवर्ड्स यांनी गायलेले ते गीत अमेरिकेत अव्वल क्रमांकावर पोहोचले. ते गुणगुणणाऱ्या तरुणांना त्याचा कर्ता एका उपाध्यक्षाचा हात आहे, याची कल्पनाही नसावी.

त्यांच्या १९३२ च्या प्रकरणाकडे दोन नजरांनी पाहता येते. एका नजरेला तिथे वशिला दिसतो. दुसऱ्या नजरेला दिसते की ती बँक कोसळली असती तर दुसऱ्या दिवशी लाखो सामान्य खातेदार रस्त्यावर आले असते. दोन्ही खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न आजही सुटत नाही. मोठी संस्था बुडू देणे परवडत नाही आणि लहान संस्था बुडाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. जर्मनीच्या बाबतीत डॉझ यांच्यापाशी एक नैतिक बळ होते : त्यांचा स्वतःचा त्यात एक पैसाही गुंतलेला नव्हता. शिकागोत ते बळ नव्हते. निर्णय कदाचित तोच योग्य होता; पण जो निर्णय परक्या माणसाने घेतला असता तर पटला असता, तो आपल्या माणसासाठी घेतला गेल्यावर पटत नाही.

अमेरिकेने या अनुभवातून एक धडा घेतला. १९३३ मध्ये ठेवींना विम्याचे संरक्षण देणारा कायदा झाला, म्हणजे लहान ठेवीदाराला बँकेच्या मालकाच्या ओळखीवर विसंबून राहावे लागू नये. आपल्याकडे १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर जाग आली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा लागू झाला. तेव्हा संरक्षण १,५०० रुपयांचे होते, २०२० पासून ते पाच लाखांचे आहे. पासबुक हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या आपल्या ठेवीदाराला डॉझ हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण जो प्रश्न घेऊन तो उभा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना हा माणूस एकेकदा उभा राहून गेला होता.